टीचभर

त्या उन्हाळ्यात माझं काम एवढंच:
पट्टी धरायची, आकडा मोठ्याने सांगायचा.
नतेलाबाई वहीत लिहायच्या.
जोकियाचा घोडा ओझ्यासकट पुढे, आम्ही मागून,
एंगुरीच्या काठापासून वर
जिथवर गवत आहे तिथवर.

फूल एकच. फार्समांदुकी.
पांढरी छत्री, शेपूसारखं चिरलेलं पान,
कापलं-खरचटलं की आम्ही चोळून लावतो ते.

नदीकाठी ते माझ्या कमरेला लागलं.
जेवणानंतर पाय ताणून बसलेल्या पाहुण्यासारखं ऐसपैस,
उठायची घाई नाही.
बुरुजांच्या गावात दोन वीत.
गुरांच्या वाटेवर एक.
खिंडीखाली टीचभर,
पानांवर राखी लव, घरात विणलेल्या लोकरीसारखी.
आणि शेवटच्या दगडांपाशी
मी पोटावर आडवी झाले, पट्टी मातीला टेकवली:
बोटाची दोन पेरं.

"किती?" बाईंनी वाऱ्यातून विचारलं.
मी जरा वाढवून सांगितलं.
त्या फुलाच्या वतीने मलाच लाज वाटली होती.

बाई आल्या, गुडघ्यांवर बसल्या, स्वतः मोजलं,
आकडा खोडला.
"अंथरूण बघून पाय पसरलेत त्याने.
इथे उन्हाळा सात आठवड्यांचा.
उंच व्हायचं की बी धरायचं?
दोन्ही परवडत नाही."
मग माझा हात धरून जमिनीलगत ठेवला.
तिथे वारा नव्हता.
तळहाताखाली माती कोमट होती,
आणि वीतभर वर
माझी ओढणी फाटेल की काय अशी फडफडत होती.

उतरताना आम्ही वरची सहा रोपं मुळांसकट खाली आणली,
आणि खालची सहा जोकियाने वर नेऊन लावली,
शिव्या देत. घोड्याला, बाईंना, शास्त्राला.

खालची, वर गेलेली,
सवयीने उंच होत राहिली.
कळ्या धरल्या, भरपूर.
ऑगस्ट सरता सरता कळ्यांसकट बर्फाखाली गेली.
वहीत एक आडवी रेघ.

वरची, खाली आलेली,
नदीकाठच्या काळ्या मातीत, पोटभर पाण्यात,
थोडी जाडावली. चार पानं जास्त.
भाऊबंद कमरेएवढे डुलत असताना
ती टीचभरच.
आणि बाहेर ऊन चटके देत होतं तेव्हाच
तिनं सगळं आवरून घेतलं, मिटली,
जे बर्फ इथे पडतच नाही
त्याची वाट बघत.

मला तेव्हा त्सिआला आत्या आठवली.
ज्या वर्षी डोंगर घसरून अर्धं गाव पांढरं झालं,
त्या वर्षी तिला मैदानात घर मिळालं.
दारात डाळिंब, रस्ता डांबरी,
हिवाळ्यात चार ओंडके पुरतात.
तरी ऑगस्ट लागला की ती कुऱ्हाड काढते.
भिंतीच्या उंचीची रास. दर वर्षी.
शेजारी विचारायचे, आता विचारत नाहीत.

शरदात गेले तेव्हा तिला सांगितलं सगळं,
पट्टीचं, वहीचं, वेळेआधी मिटलेल्या रोपांचं.
ती ओंडका नीट उभा करत ऐकत होती.
मग म्हणाली,
"आणि त्यांचं बी?"

"पेरलंय. बाई म्हणतात,
एका पिढीत काही कळत नाही."

पायरीवर तिची धाकटी बसली होती,
इथेच जन्मलेली, आईपेक्षा डोकंभर उंच,
अनवाणी, मार्नेउलीचं कलिंगड खात,
बिया अंगणात लांब लांब थुंकत.
आत्याने तिच्याकडे बघितलं,
बराच वेळ,
आणि मग पुन्हा कुऱ्हाड उचलली.